नाटक बंडखोर, हिशेबाची वही सनातनी

मी नाटकात काम करत नाही. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते आणि संध्याकाळी आमच्या छोट्या नाट्यसंस्थेची निर्मिती सूत्रधार असते. म्हणजे हॉल, परवानग्या, टेम्पो, चहा आणि रुसवेफुगवे. आमच्या नाटकांची बाहेर थोडी दखल घेतली जायला लागल्यापासून सिन्नर, मालेगाव, धुळ्याकडची मुलं फोन करतात. "ताई, ग्रुप काढायचाय. जरा वेगळे विषय करायचेत. कुठून सुरू करू?" प्रत्येकाला तेच ते सांगून कंटाळले, म्हणून लिहून काढतेय.

माझं म्हणणं एवढंच की नाटक जितकं धीट, तितका त्याच्या मागचा कारभार जुन्या वळणाचा हवा. धीट नाटकाला नावं ठेवणारे आपोआप मिळतात. त्यांनी नाटकाला हवं तेवढं बोलावं, पण तुमच्या कागदांत त्यांना बोट घालायला जागा मिळू नये.

सात माणसं आणि एक बँक खातं

कॉलेजच्या एकांकिका कुणाच्याही नावावर करता येतात. पण हॉलचं बुकिंग, स्पर्धेची प्रवेशिका, देणगी यांसाठी नोंदणीकृत संस्था लागते. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद हवेत, आणि महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही नोंद होते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. संस्थेची घटना लिहून देणारे कार्यालयाबाहेर भेटतात, त्यांचा छापील नमुना तसाच उचलू नका. त्यात गोशाळेपासून वृद्धाश्रमापर्यंत सगळे उद्देश असतात, नाटक एका ओळीत.

सात जणांत तीन माणसं नाटकाबाहेरची घ्या. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक हार्डवेअरवाले काका आहेत आणि एक वकील. रोज तालमीला येत नाहीत म्हणूनच त्यांचा उपयोग. दिग्दर्शक रात्री अकरा वाजता "अजून चार लेव्हल पाहिजेत" (म्हणजे रंगमंचावरचे चौथरे) म्हणतो तेव्हा हार्डवेअरवाले काका शांतपणे विचारतात, "कशाला?" या एका प्रश्नाने आमचे बरेच पैसे वाचले आहेत.

खजिनदार आणि दिग्दर्शक कधीही एकच माणूस नको. नवरा-बायकोही नको. खात्यावर दोन सह्या ठेवा. दरवर्षी लेखापरीक्षण करून हिशेब धर्मादाय कार्यालयात द्या, आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज नव्वद दिवसांत भरा. हे लिहिताना मलाच जांभई येतेय, पण जिल्ह्यात चांगली नाटकं केलेल्या संस्था मी अशाच बंद पडताना पाहिल्यात: जुने विश्वस्त परगावी, नवे कागदावर नाहीत, बँक खातं गोठलेलं.

गोष्ट कुणाची, तोंड कुणाचं

नाशिकमध्ये विषय शोधायला लागत नाहीत. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला, तो या गावात. १३ ऑक्टोबर १९३५ ची डॉ. आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यात. लोककवी वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, कथाकार बाबूराव बागूल विहितगावचे. मालेगावात यंत्रमागावर उर्दू बोलणारी माणसं आहेत, कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात अहिराणी आहे, सुरगाणा-पेठकडे कोकणा, वारली, महादेव कोळी. आणि आपण काय करतो? पुण्याच्या दिवाणखान्यातला घटस्फोट. तोही करावा, घटस्फोट नाशिकलाही होतात. पण मग कॉलेज रोडचा करा.

इथल्याच माणसांनी हे करून दाखवलंय. दत्ता पाटील यांनी लिहिलेलं आणि सचिन शिंदे यांनी दिग्दर्शित केलेलं 'हंडाभर चांदण्या' हे टँकरची वाट बघणाऱ्या माणसांचं नाटक. प्राजक्त देशमुख यांची आवली आणि रखुमाई आधी एकांकिकेत भेटल्या, मग 'संगीत देवबाभळी' होऊन व्यावसायिक रंगभूमीवर गेल्या. दोन्ही नाटकांना मोठा सेट किंवा मोठा नट लागला म्हणून ती गाजली असं कुणी म्हणणार नाही.

वेगळा विषय निवडणं सोपं आहे. तो कोणाच्या तोंडून बोलायचा, हे ठरवताना खरी परीक्षा होते. आम्ही द्राक्षबागेतल्या मजुरांवर नाटक बसवत होतो. सुरगाणा, पेठकडून कुटुंबंच्या कुटुंबं हंगामात दिंडोरी-निफाडला येतात: छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी. आमच्या दोन मुली खाली बसून, मान घालून, काल्पनिक घड निवडत संवाद म्हणत होत्या. छान म्हणत होत्या. तालमीला एक सुरगाण्याचा मुलगा येऊन बसायचा, सातपूरला आयटीआय करणारा. तो दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, बागेत हात वर असतात."

खरंच की. द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो. माणूस दिवसभर हात वर करून, मान मागे टाकून काम करतो आणि त्याच अवस्थेत बोलतो, भांडतो, पोराला हाक मारतो. दिग्दर्शकाने अख्खा पहिला प्रवेश हात वर ठेवून बसवला. काही मिनिटांत मुलींचे आवाज बदलले, श्वास तुटायला लागला, लांब वाक्यं म्हणताच येईनात. लेखकाने ती छोटी केली. नंतर सगळ्या परीक्षकांनी त्या प्रवेशाबद्दल लिहिलं. त्या मुलाला आम्ही पुढच्या नाटकात भूमिका दिली आणि द्राक्षबागेच्या नाटकाच्या माहितीपत्रकात 'संहिता साहाय्य' म्हणून त्याचं नावही छापलं.

तर पद्धत अशी ठेवा. ज्या समाजाची, ज्या भागाची गोष्ट आहे तिथलं किमान एक माणूस पहिल्या वाचनापासून खोलीत हवं, आणि त्याला "हे असं नसतं" म्हणायचा अधिकार हवा. नुसतं "भाषा तपासून द्या" म्हणून संहिता व्हॉट्सअॅपवर पाठवायची नाही. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्या. बोली येत नसेल तर ती नटाकडून ओढूनताणून बोलवून घेऊ नका. अहिराणीची नक्कल झाली की प्रेक्षक हसतात, आणि ते हसू नाटकाच्या बाजूचं नसतं.

बोहाड्याचे मुखवटे ही आमच्याकडची आणखी एक मोहाची जागा. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यापासून पलीकडे मोखाडा-जव्हारपर्यंत देवादिकांची सोंगं रात्रभर नाचवतात, बघताना अंगावर काटा येतो. शहरातला नेपथ्यकार ते बघतो आणि परत येऊन चार मुखवटे सायकवर, म्हणजे रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर, टांगतो. अरे, बहुतेक गावांत कोणतं सोंग कुठल्या घराने घ्यायचं हे ठरलेलं असतं. आधी गावात जाऊन विचारा. नको म्हणाले तर नको.

पहिला प्रयोग नाट्यगृहात करू नका

नाटक ज्यांच्याबद्दल आहे त्यांना आधी दाखवा. समाजमंदिरात, शाळेच्या वर्गात, ट्यूबलाइटच्या उजेडात. नेपथ्य नाही, संगीत मोबाइलवर. नंतर चहा आणि गप्पा. काळारामाच्या सत्याग्रहावर काही करायचं असेल तर पंचवटीत आणि वस्त्यांमध्ये अजून अशी घरं आहेत जिथे तो प्रसंग आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेला आहे. त्यांच्यासमोर संहिता वाचा. दोन आक्षेप येतील, पाच दुरुस्त्या मिळतील, आणि एखादी अशी गोष्ट हाती लागेल जी कुठल्या पुस्तकात नाही. शिवाय पुढे कुणी ओरड केली तर "आम्ही आधी या लोकांपुढे वाचलंय" हे तुमचं सर्वांत भक्कम उत्तर असतं.

बोचणारं वाक्य काढायचं की ठेवायचं, यावर आमचा एक साधा नियम आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ते वाक्य दुखलं तर काढायचं. ज्याने केला त्याला दुखलं तर ठेवायचं. नियम दरवेळी पुरत नाही, पण भांडण लवकर मिटतं.

कागद

महाराष्ट्रात तिकीट लावून नाटक करायचं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. स्पर्धेच्या प्रवेशिकेतही ते मागतात. तालमी सुरू व्हायच्या आधी संहिता पाठवा, शेवटच्या आठवड्यात नाही. शिव्या, देवादिकांची नावं, जिवंत पुढाऱ्यांवरचे टोमणे यांवर प्रश्न येतात. प्रत्येक प्रश्नाला लेखी, एका परिच्छेदात, न चिडता उत्तर द्या: हे पात्र असं का बोलतं, प्रसंग काय आहे. 'सखाराम बाइंडर'च्या वेळी १९७२ मध्ये दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जिंकले, हे मंडळींना सांगायला छान वाटतं. पण सारंगांनी लढाई कागदावर लढली, हेही सांगा. मंजूर संहितेत नसलेली वाक्यं नटाने टाळीसाठी रंगमंचावर घातली तर ती जबाबदारी संस्थेची. आमच्याकडे अशा नटाला पुढच्या प्रयोगात चहा वाटायला ठेवतात.

दुसऱ्या लेखकाचं नाटक करायचं तर लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात. तात्यासाहेब शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, म्हणजे 'नटसम्राट' २०५९ संपेपर्यंत तरी परवानगीशिवाय करता येणार नाही, नाशिककर असलात तरी. पार्श्वसंगीताला सिनेमाचं गाणं उचलू नका. गावात संबळ, पावरी, हार्मोनियम वाजवणारी माणसं आहेत. त्यांना पैसे द्या, गाणं तुमचं होतं.

संवेदनशील विषय असेल तर जवळच्या पोलीस ठाण्याला साधं माहितीपत्र देऊन पोच घ्या. आपल्या गावाचं या बाबतीत जुनं खातं आहे. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्यामुळे नाशिकच्या पोलिसांनी नाटकाला बंदोबस्त का द्यावा असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार असतं.

तालीम कधी आणि कुठे

अंबड-सातपूरच्या पाळ्या तालमीची वेळ ठरवतात. दुपारी तीनला सुटणारा कामगार साडेसातला ताजा असतो, रात्री अकराला सुटणारा येऊच शकत नाही. पाळी बदलण्याचं वेळापत्रक भूमिका वाटण्याआधी मागून घ्या. द्राक्षाच्या हंगामात शेतकरी कुटुंबातली मुलं जानेवारी ते एप्रिल धरू नका. आणि बायका? तालीम साडेनऊला संपते म्हणजे साडेनऊला संपते. सिटीलिंकची शेवटची बस कुठल्या मार्गावर किती वाजता आहे हे माझ्या फोनमध्ये आहे. बस नसेल तिथे कोण कुणाला सोडणार हे तालीम सुरू होण्याआधी फळ्यावर लिहितो. हे ठरवायला लागल्यापासून आमच्याकडे मुली टिकायला लागल्या. त्याआधी "मुली मिळत नाहीत" ही तक्रार सगळे पुरुष मिळून करायचे.

ज्या प्रवेशात स्पर्श आहे, मारहाण आहे, तो आधी पावलं मोजून, ठरवून बसवायचा आणि प्रयोगात त्यात एका बोटाचा फरक करायचा नाही. तक्रार ऐकायला एक बाई संस्थेबाहेरची नेमा आणि तिचा नंबर तालमीच्या खोलीत लावा.

जागेसाठी एक युक्ती: चातुर्मास. मंगल कार्यालयं तेव्हा बरीच रिकामी असतात. व्यवस्थापकाला भेटून आठवड्याच्या संध्याकाळी मागा, वीजबिलाचे पैसे द्या, निघताना झाडून द्या. झाडून दिलंत तर पुढच्या वर्षी तो स्वतः फोन करतो. बाकी महापालिकेची शाळा, सोसायटीचं क्लब हाउस, कुणाची गच्ची. दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून जी प्रायोगिक नाटकं झाली त्यांना लोक आज चळवळ म्हणतात. तोही शाळेचा हॉलच होता.

पैसा

सेट एका छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, मावला पाहिजे. हे माझं शेवटचं वाक्य असतं आणि दिग्दर्शकाला ते पाठ आहे. सेट लहान असेल तर सुरगाण्याला प्रयोग लागतो, लासलगावच्या शाळेत लागतो. मोठा असेल तर शुभारंभाचा प्रयोग आणि स्पर्धेचा प्रयोग, की संपलं. मग तो कुणाच्या तरी पार्किंगमध्ये पावसात कुजतो.

प्रयोग तीन जागी तीन तऱ्हेने बसवून ठेवा. महाकवी कालिदास कलामंदिर मोठं, भाडंही मोठं, तिथे प्रायोजक असेल तरच. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात नाशिकचा जाणता प्रेक्षक येतो, स्पर्धेतही तिथेच उभं राहायचं असतं, त्यामुळे तिथली रंगमंचाची मापं तालमीच्या जमिनीवर चुन्याने आखून घ्या. कुसुमाग्रज स्मारकाच्या विशाखा सभागृहात प्रेक्षक जवळ बसतो. कुजबुजीचं नाटक तिथे करा. सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत पंचवटी, रविवार कारंजा, शालिमार या भागात टेम्पो नेण्याचं स्वप्नही पाहू नका. त्या महिन्यांत तालुक्यांचे दौरे ठेवा.

नाटकाच्या तिकिटावर माणशी पाचशे रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्यामुळे दोनशेचं तिकीट लावताना घाबरू नका. फुकट पास मात्र बंद करा. विद्यार्थ्यांना पन्नास रुपये लावा, पण लावा. ज्याने पन्नास रुपये दिलेत तो वेळेवर येतो.

जमा झालेल्यातून आधी हॉल, मग प्रकाश-ध्वनी, मग टेम्पो, मग पाकिटं. आमच्याकडे पाकीट सगळ्यांना सारखं असतं, मुख्य नटाला आणि विंगेत प्रॉपर्टी सांभाळणाऱ्यालाही. कधी तीनशे, कधी शंभर, एकदा तर वडापावच. प्रयोगाचा हिशेब दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर टाकते, चहाच्या पावतीसकट. शहरातल्या एका देणगीदाराने एकदा धनादेशाच्या बदल्यात नाटकातलं एक पात्र "जरा सौम्य" करायला सुचवलं. धनादेश परत करता आला, कारण खात्यात पुढच्या दोन प्रयोगांचे पैसे होते. तेवढी शिल्लक कायम ठेवा.

नाव कसं होतं

राज्याच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा ही पहिली पायरी. साठीच्या वर पर्वं झालेली ही स्पर्धा आहे, नाशिक हे तिचं प्राथमिक फेरीचं केंद्र. नंबर येवो न येवो, तिथे इतर संस्थांची नाटकं रोज जाऊन बघा. नाशिकची अर्धी रंगभूमी त्या दिवसांत साईखेडकरच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटते. तुमचा पुढचा प्रकाशयोजनाकार तिथेच उभा असतो. गटात कामगार असतील तर कामगार कल्याण मंडळाची स्पर्धाही बघा. एकांकिकेने कुठे पहिला नंबर काढला तर मुंबईची 'सवाई' एकांकिका स्पर्धा, २५ जानेवारीची रात्र. पूर्ण नाटकाला दिल्लीत महिंद्राचे नाट्यपुरस्कार आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा भारत रंग महोत्सव.

दिल्लीच्या दोन्ही ठिकाणी आधी चित्रफीत बघतात. इथे निम्म्या संस्था हरतात, नाटक चांगलं असून. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला बोलावलं की तो नायिकेच्या डोळ्यांचे क्लोजअप घेतो. दोन कॅमेरे ठेवा: एक मागे स्थिर, अख्खा रंगमंच दाखवणारा, दुसरा थोडा जवळ. आवाज मिक्सरवरून घ्या. सायकवरचा निळा कॅमेऱ्यात काळा पडतो, म्हणून चित्रीकरणाचा वेगळा प्रयोग लावून प्रकाशयोजनाकाराला थोडा उजेड वाढवायला सांगा. खाली हिंदी किंवा इंग्रजी उपशीर्षकं हवीत, आणि ती लेखकाच्या डोळ्यांखालून गेलेली हवीत. कोकणा बोलीतला संवाद मशीनने भाषांतर केला की काय होतं ते मी वाचलंय, इथे लिहिण्यासारखं नाही.

सोबत एक पानी सारांश, दिग्दर्शकाचं टिपण, कात्रणं, प्रयोगांची यादी गावांच्या नावांसह. या यादीवर माझा भर असतो. हरसूल, कळवण, चांदवड, देवळाली कॅम्प अशी नावं ओळीने दिसली की निवड करणाऱ्याला कळतं, हे नाटक लोकांसमोर उभं राहिलेलं आहे.

बक्षीस मिळालं की पुढच्या महिन्यात तुमचा उत्तम नट पंचवटी एक्स्प्रेसने ऑडिशनला जायला लागतो. जाऊ द्या. त्याचं पोट आहे, आणि मालिकेत दिसणारा नट परत येऊन प्रयोग करतो तेव्हा तिकीट खिडकीवर फरक पडतो. फक्त प्रत्येक मोठ्या भूमिकेला दुसरा नट पहिल्या वाचनापासून बसवून ठेवा, आणि त्याला स्पर्धेनंतरचा एक प्रयोग हक्काचा द्या. आमच्याकडे दुसऱ्या बाई पहिलीपेक्षा सरस निघाल्या होत्या. मग जे काय झालं ते मिटवायला त्या निवृत्त शिक्षिकाच लागल्या.

सत्काराचे हार सुकायच्या आत पुढच्या संहितेचं वाचन लावा, आणि त्याच दिवशी मागच्या नाटकाचा सगळा हिशेब फाइलला. फाइल दोन प्रतींत करा. एक माझ्यासारख्या कुणाकडे, दुसरी हार्डवेअरवाल्या काकांच्या दुकानात.